म्हशीच्या पोटात गेलेल्या गाड्या

आमच्या अंगणात यायचं तर खाली बघून या. मागच्या आठवड्यात मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस चिंचोक्यांवरून असा घसरला की तो एकीकडं आणि त्याचं मशीन एकीकडं. मामांनी त्याला उठवलं, पाणी दिलं आणि खाली वाकून म्हणाले, "एखादा फुटला तर न्हाई ना?" त्या बिचाऱ्याला वाटलं, आपल्या गुडघ्याबद्दल विचारतायत. मामा चिंचोक्यांबद्दल विचारत होते. मी शिलाई मशीनवरून सगळं बघत होते. हसू का कपाळ बडवू, मला कळेना.

मामा म्हणजे माझे सासरे, गहिनीनाथ. वडवणीपासून आत, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. मी बीडची, बी.ए. झालेली, घरी ब्लाऊज शिवते, आणि मला स्वच्छ अंगण आवडतं. हे शेवटचं मी लग्नात कुणाला सांगितलं नाही, तिथंच फसले. सकाळी सडा घालून पाठ फिरवली की दुपारपर्यंत अंगणात चिखल, धाटांच्या साली, निंबोळ्या, नारळाच्या करवंट्या आणि गावातली डझनभर लेकरं. वर मामाच मला म्हणणार, "योगिता, जरा बाजूनं चाल, वाळत घातलंय."

हे मामा आधी असे नव्हते म्हणे. माझे मालक शिवशंकर सांगतात, "मला तर ह्या माणसानं साधा भवरा दिला न्हाई. समोर उभं राहायची भीती वाटायची." ते खरंच असणार. मामांनी तरुणपणी सासूबाईंबरोबर कितीतरी वर्षं ऊस तोडला, मग बैलजोडी घेऊन शेतीला लागले. ह्या सगळ्यात खेळायला वेळ कुणाला होता. पुढं सासूबाई बायनाबाई गेल्या, मामांचे गुडघे गेले, शेत शिवशंकरनं बघायला घेतलं आणि मामा ओसरीवर नुसतेच बसून राहिले. कुणाशी बोलायचे नाहीत. मला एकदा लग्नसराईचे ब्लाऊज संपवायचे होते आणि माझा पवन मशीनखाली रांगत होता. मी त्याला उचलून मामांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, जरा गप्प बसवा. तेव्हापासून दोघंही गप्प बसलेले नाहीत.

पवनसाठी त्यांनी पहिली गाडी केली ती ज्वारीच्या धाटाची. धाटाची साल काढायची, आतला पांढरा गाभा कापून त्याची साठी, म्हणजे गाडीची चौकट, करायची, सालीच्या काड्या टाचणीसारख्या टोचून सगळं जोडायचं, साल वाकवून चाक करायचं. खिळा नाही, डिंक नाही, पैसा तर नाहीच नाही. शिवशंकरनं तेव्हा जत्रेतून बॅटरीची मोटार आणलेली. ती दोन दिवस ओरडली आणि बंद पडली, अजून माळ्यावर पडलीये, धड टाकताही येत नाही. मामांची गाडी मोडली की म्हशीपुढं टाकायची. म्हैस खाते. मी कितीही चिडले तरी ह्या गोष्टीला मला नाव ठेवता आलेलं नाही.

तर आता सांगायचं ते ह्या दिवाळीनंतरचं.

आमच्या शेजारी दगडाबाईचं घर आहे. तिचा मुलगा अंगद आणि सून माया दरवर्षी ऊस तोडायला कोल्हापूरकडं जातात. दिवाळी झाली की गावात ट्रॅक्टर येतात, भांडी, अंथरुणं, शेळ्या, कोंबड्या वर चढतात आणि निम्म्या घरांना कुलपं लागतात. लेकरंही बरोबर जातात. अंगदची मोठी मुलगी शिवकन्या जन्मल्यापासून दर हिवाळा उसाच्या फडातच राहिली. तिचं पहिलीचं वर्ष तसंच गेलं. ह्या वर्षी ती दुसरीत. शाळेतल्या बाई दगडाबाईच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, आता पोरगी गेली तर तिचं वाचणं-लिहिणं कायमचं सुटलं समजा. अंगद तयार झाला. मायाचा पाय निघेना. तिकडं धाकट्या भावाला सांभाळायला शिवकन्याच होती, आणि आईचा जीव तो आईचा जीव. शेवटी ठरलं असं की शिवकन्या आजीपाशी राहील, पण तिनं जेवण टाकलं किंवा रडून रडून आजारी पडली, तर अंगद येऊन तिला घेऊन जाईल. एकदा गेली की शाळा संपली, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

ट्रॅक्टर निघाला तेव्हा शिवकन्या रडली नाही. रडणारं लेकरू कळतं तरी. ही भिंतीला पाठ लावून बसली आणि रस्त्याकडं बघत राहिली. दगडाबाई भाकरीचा तुकडा हातात घेऊन तिच्यामागं, "खा गं माय, येवढा घास खा." दुसऱ्या दिवशीही तेच. दगडाबाई माझ्याकडं येऊन डोळे पुसायला लागली. "काय करू गं योगिता, लेकरानं बेजार केलंय मला. अंगदला फोन करू का?"

मामांनी ते ऐकलं. कडब्याच्या गंजीतून चार धाटं उपसली, गुडघे धरत दगडाबाईच्या ओसरीवर गेले आणि शिवकन्याच्या शेजारी बसले. तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. धाट सोलायला लागले. साल काढली, साठी केली, चाकं लावली. शिवकन्या रस्ता सोडून हळूहळू त्यांच्या हाताकडं बघायला लागली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "चाक उलटं बशिवलंय."

"व्हय का? मग तूच बशिव की," मामा म्हणाले.

चाक त्यांनी मुद्दाम उलटं बसवलं होतं का म्हातारपणी चुकून, ते मला अजून कळलेलं नाही. विचारलं की हसतात. पण त्या दुपारी शिवकन्या आमच्या अंगणात आली आणि पवनच्या ताटावर बसून तिनं दीड भाकरी खाल्ली. दगडाबाईनं मामांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं.

मग काय, मामांना चेव आला. रोज नवी गाडी. अंगणात गाड्यांची रांग लागली. आणि इतक्या गाड्या झाल्यावर लेकरं काय खेळणार? टोळी टोळी, म्हणजे ऊसतोडीची टोळी. एक मुकादम, बाकीच्यांच्या जोड्या. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं कोयता म्हणतात, ते लहान पोरांनाही माहीत. वाळल्या गवताचा ऊस, त्याच्या मोळ्या, मोळ्यांनी भरलेल्या गाड्या. मामांनी मुकादमाला पिंपळाच्या पानाची शिट्टीपण करून दिली. ती वाजली की भरलेल्या गाड्या ओढत कारखान्यावर निघायचं. कारखाना म्हणजे गावाच्या कडेचं मारुतीचं देऊळ.

ह्या खेळात शिवकन्या सगळ्यांची मालकीण झाली. मोळी कशी बांधायची, डोक्यावर कशी घ्यायची, पाचटाची कोपी, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांची झोपडी, घालताना तिचं तोंड वाऱ्याकडं का ठेवायचं नाही, हे ती मोठ्या पोरांना शिकवायची. कडब्याची वीतभर कोपी तिनं घातली, तिच्यात चिंध्यांचा एक लहान भाऊ निजवला. तिचा चेहरा असा खुललेला मी पहिल्यांदा बघत होते. तरी मला ते बरं वाटेना.

मी म्हटलं, "मामा, तुम्ही तिला इथं राहायला शिकवताय का तिकडं जायला?"

"खेळू दे की. तिला येनारा खेळ हाय. बाकीच्या लेकरांना तीच शिकवायली, बग तरी."

"तेच बघतेय म्हणून म्हणतेय."

"तू ब्लाऊज शिव," मामा म्हणाले. ह्या घरात माझं ऐकतं कोण.

शनिवारी सकाळची शाळा होती. दुपारी शिट्टी वाजली, गाड्या निघाल्या, मी काजबटणं करत होते. थोड्या वेळानं पोरं परत आली. मुकादम झालेला माझा पवन म्हणाला, "मम्मी, शिवकन्या कारखान्यावर थांबलीच न्हाई. पुढं गेली." पुढं म्हणजे कुठं? पुढं फाटा आहे, बीडच्या रस्त्याचा, आणि त्या रस्त्यावर उसाचे ट्रक जीव खाऊन धावतात. मी मशीन तशीच सोडली आणि पळाले. मामा मागून काठी टेकत येत होते, मध्येच बसत होते, परत उठत होते.

शिवकन्या मला अर्ध्या रस्त्यात भेटली, शिवशंकरच्या मोटारसायकलवर पुढं टाकीवर बसलेली. वडवणीहून येताना त्यांना ती फाट्यावर दिसली होती. रस्त्याच्या कडेला उभी, हातात गाडीची सुतळी, गाडीत गवताची मोळी, मोळीवर तिचा दुसरा फ्रॉक आणि फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी. मी तिला खाली घेतलं आणि धपाटा घालायला उचललेल्या हातानंच पोटाशी धरलं.

"कुठं चालली होतीस गं?"

"गाडी भरली व्हती," ती म्हणाली. "मुकादमानं शिट्टी मारली."

एवढंच. तिच्या लेखी तिनं काहीच चुकीचं केलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मामांनी अंगणातल्या सगळ्या गाड्या गोळा केल्या आणि एकेक करून म्हशीपुढं टाकल्या. कोपीपण मोडून टाकली. म्हैस रवंथ करायला लागली तरी ते तिच्यासमोरून हलेनात. मी चहा घेऊन गेले. मला रागावायचं होतं, मी वाक्यंसुद्धा तयार ठेवली होती. त्यांचं तोंड बघून सगळी गिळली.

"मी तिला हिथं बसून परत फडातच नेलं गं," मामा म्हणाले. "मला दुसरं काय येतंय? मी बी तेच बगितलंय जन्मभर."

इकडं दगडाबाई घाबरून गेलेली. ती म्हातारी, लेकरू रस्त्याला लागलं तर कुणाला तोंड दाखवणार? तिनं अंगदला फोन केला. अंगद म्हणाला, मुकादम सोडील तसा येतो आणि पोरीला घेऊन जातो. तिचं बाडबिस्तर बांधून ठेव.

आता उरले थोडे दिवस. मामा सकाळी उठले ते शिवशंकरच्या मागं लागले, तलावाच्या काठची चिकणमाती आणून दे म्हणून. पोतंभर माती माझ्या अंगणात आली. तिच्यात राख घातली, पाणी घातलं, लेकरांना वर नाचवलं. त्याचे शिंतोडे माझ्या दोरीवरच्या कपड्यांवर उडाले आणि मी, खरं सांगते, ते गुपचूप परत धुतले. मामांनी बैल करायला घेतले. आमच्याकडं पोळ्याला मातीचे बैल करतातच, पण पोळा संपून किती दिवस झाले, पोरांना मजा वाटली. डोळ्यांना सीताफळाच्या काळ्या बिया. शेपटाला कापसाची वात.

पण मामांचं वागणं आता बदललं होतं, ते मला दोन-तीन दिवसांनी कळलं. पहिल्यांदा ते गाडी एका बैठकीत पुरी करून हातात द्यायचे. आता काहीच पुरं होऊ देईनात. आज फक्त धड, ते सावलीत वाळू दे, उन्हात ठेवलं की चिरतं. उद्या पाय. परवा शिंगं. एकीकडं करवंटीत मेथी पेरायची, ती बघायला सकाळी यायचं. चिंचोके भिजत घालायचे, ते उद्या घासायचे. संध्याकाळी लेकरं घरी निघाली की प्रत्येकाचं काही ना काही अर्धं राहिलेलं. शिवकन्या सकाळी शाळेत जायच्या आधी धावत येऊन बघायची, शाळा सुटली की परत धावत. रस्त्याकडं बघायला तिला सवड होईना.

"हे काय चालवलंय तुम्ही?" मी विचारलं.

"काय न्हाई," मामा म्हणाले. "लेकराला सकाळी उठायला कायतरी कारन पायजे."

आणि एका दुपारी अंगद आला. कापडी पिशवी, पायात फाटकी चप्पल, दोन बस बदलून आलेला. हाताला उसाच्या पानांचे चरे. दगडाबाईनं शिवकन्याचं गाठोडं बाहेर आणूनच ठेवलं होतं. शिवकन्या आमच्या अंगणात कोपरापर्यंत चिखलात होती. "पप्पा," म्हणून धावली आणि त्याच्या शर्टावर दोन पंजे उमटले.

"न्यायला आलोय मामा," अंगद म्हणाला. "पोरगी रस्त्याला लागली म्हनतेत."

"ने की," मामा म्हणाले. "तुजी पोरगी हाय."

मला असा संताप आला. इतके दिवस केलेलं सगळं एका शब्दात सोडून दिलं म्हाताऱ्यानं. मी तोंड उघडणार तोच मामा पुढं म्हणाले, "पन गाडीला टाईम हाय अजून. उभा कावून? बस हितं."

अंगद बसला. शिवकन्यानं मातीचा गोळा त्याच्या हातात दिला. तो गोळा तसाच धरून तो इकडंतिकडं बघायला लागला.

"कर की बैल."

"मला न्हाई येत गं."

"पोळ्याला करतेत की सगळे. तू लहानपनी न्हाई केलास?"

मामाच म्हणाले, "पोळ्याला गावातच असायचा की हा. पन दिवाळीनंतर कारखान्यावर जायचं म्हनून ह्याचा बाप ह्याला आधीपासनंच गवताच्या मोळ्या बांधायला बशिवायचा."

मग शिवकन्या त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं शिकवायला घेतलं. आधी पाणी लाव, मग दाब, आता मान वर ओढ, एवढी न्हाई, घोडा होतोय. अंगद दणकट माणूस, दिवसभर कोयता चालवणारा. त्याच्या हातात ती मान सारखी तुटायची आणि लेक हसून लोळायची. एकदा तोही हसला. गल्लीतली पोरं भोवती गोळा झाली आणि त्याला सल्ले द्यायला लागली. मी चहा केला, तो त्याच्या बाजूला गार होऊन गेला. दगडाबाई गाठोड्याशेजारी बसून हे सगळं बघत होती, तिचं बोट पदराच्या टोकाला पीळ घालत होतं.

शेवटी मीच म्हटलं, "अंगदभाऊ, गाडी येईल."

अंगद उठला. बैल झाला होता, वाकडा, फुगीर पोटाचा, शेपूट राहिलेलं. हात धुतले, गाठोडं उचललं, परत खाली ठेवलं आणि लेकीपुढं बसला.

"शिवे, येतीस का?"

शिवकन्यानं आधी त्याच्याकडं बघितलं, मग अंगणातल्या बैलांकडं. "माज्या बैलाला उद्या शिंगं लावायचेत," ती म्हणाली. "पप्पा, तूच राहा की हितं."

दगडाबाईनं पदर तोंडाला लावला. अंगदनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यानं गाठोडं आपल्या आईच्या हातात परत दिलं आणि चप्पल पायात घातली.

मामांचे गुडघे फाट्यापर्यंत चालत नाहीत, म्हणून मी त्याला सोडायला गेले. फाट्यावर उभे राहिलो, तेव्हा म्हणाला, "वहिनी, मी तिच्यायेवढा होतो तवा पहाटं झोपेतच उचलून गाडीत टाकायचे. जाग यायची तवर गाव मागं गेलेलं असायचं." त्यानं पिशवी खांद्याला अडकवली. "मला कुनी इचारलंच न्हाई कधी, येतूस का म्हनून."

बस आली, आत पाय ठेवायला जागा नव्हती, दाराला धरून तो उभा राहिला. मी बस दिसेनाशी होईपर्यंत तिथंच होते आणि मग डोळे पुसत घरी आले.

घरी शिवकन्या मामांशी भांडत होती. मामा अंगदच्या बैलाला शेपूट लावायला निघाले होते आणि ती त्यांचा हात धरून बसलेली. पप्पाचा बैल पप्पाच पुरा करील, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"आगं, त्यो येईस्तोवर माती वाळून दगड हुईल," मामा म्हणाले.

"मग वलं फडकं टाकून ठिवू."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी आत गेले, एक चांगलं सुती फडकं काढलं, भिजवून पिळून आणलं आणि त्या वाकड्या बैलावर टाकलं. तेव्हापासून रोज सकाळी शाळेत जायच्या आधी शिवकन्या ते फडकं ओलं करून जाते. ती विसरली तर मी करते. टोळ्या शिमग्याच्या आसपास परत येतात, तोवर ओलं ठेवायचंय.